रोग पिकाचा, दोष कोणाचा?

(वार्षिक व्याख्यानमालेतील भाषण)



या व्यासपीठावर संतसाहित्य, नाट्यसंगीत, होळकरशाहीचा इतिहास अशा विषयांवर उत्तमोत्तम व्याख्याने झाली आहेत. यंदा कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'पिकांवरील रोग' असे सांगितले. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, "सर, श्रोते येतील ना?" तुम्ही आलात, म्हणून पहिले आभार तुमचे.

आधी माझा अधिकार सांगतो. याच इंदूर शहरातील एका महाविद्यालयात मी तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. देवासच्या वाटेवर आमच्या घराची बावीस बिघे काळी जमीन आहे. ती पणजोबांपासून चालत आली. मी स्वतः कधी नांगराला हात लावलेला नाही. या सभागृहात अशी बरीच मंडळी असतील: गावाकडे थोडी जमीन, ती बटाईने किंवा ठेक्याने दिलेली, आणि आपला तिच्याशी संबंध वर्षातून दोनदा, हिशेबापुरता. आजचे बोलणे खरे म्हणजे आपल्याच मंडळींसाठी आहे.

पिकावर रोग आला की माणसाला पहिला प्रश्न पडतो, दोष कोणाचा? या प्रश्नाची उत्तरे काळाप्रमाणे बदलत गेली. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणी १८४४ साली प्रसिद्ध झाल्या. जबलपूर-सागर भागातला गहू तांबेऱ्याने कसा बुडाला, याचे वर्णन त्याने केले आहे. पिवळे-तांबडे पीठ अंगावर घेऊन उभे असलेले ते शेत पाहून लोक कारण पापात शोधत. कोणी गोवधाकडे बोट दाखवी, कोणी वाढलेल्या अनीतीकडे.

पुढे सूक्ष्मदर्शक आला आणि आरोपी बदलला. बिहारमधील पुसा येथील सरकारी संस्थेत बटलर नावाचे कवकशास्त्रज्ञ होते. भारतातील पिकांच्या रोगांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९१८ साली निघाला. आता कारण पाप राहिले नाही, बुरशी झाली. ज्ञान म्हणून हे फार मोठे पाऊल होते. पण त्यातून एक सवयही लागली. बुरशी दिसली की बुरशीनाशक, कीड दिसली की कीटकनाशक. आजही दुकानात आपण रोगट पान घेऊन जातो आणि बाटली घेऊन परततो.

त्याच पुशाला त्याच काळात आणखी एक शास्त्रज्ञ काम करत होता आणि त्याला ही सवय पटत नव्हती. त्याचे नाव अल्बर्ट हॉवर्ड. १९०५ साली तो तेथे आला. तो आणि त्याची पत्नी गॅब्रिएल या दोघांनी गव्हाचे उत्तम वाण तयार केले. गॅब्रिएल स्वतः निष्णात वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. त्यांचे नाव अनेकदा मागे राहते, म्हणून मुद्दाम घेतो. हॉवर्डची तक्रार अशी की बुरशीवाला बुरशी पाहतो, किडीवाला कीड पाहतो, मातीवाला माती पाहतो. अख्खे रोप कोणीच पाहत नाही. त्याला संपूर्ण पीक पाहता येईल अशी जागा हवी होती. ती जागा त्याला मिळाली आपल्या इंदुरात.

१९२४ साली येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' स्थापन झाली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. पैसा मुख्यतः भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचा आणि मध्य भारतातील संस्थानांचा. आज आपले कृषी महाविद्यालय त्याच जमिनीवर उभे आहे. त्या रस्त्याने आपण रोज जातो-येतो.

येथे हॉवर्डने जे केले ते जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखले जाते. अडचण साधी होती. शेताला शेणखत हवे आणि शेण तर चुलीत जात होते. तेव्हा थोड्या शेणाचे विरजण लावून शेतातल्या काडीकचऱ्याचे खत करता येईल का, असा प्रश्न होता. कापसाच्या पऱ्हाट्या कडक, त्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरून ठेवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. हिरवे तण आधी सुकवून घेत. मग सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल अशा खड्ड्यात थर लावायचे: काडीकचरा, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख. ओलावा पिळून काढलेल्या स्पंजाइतका. हा ढीग तीनदा खालीवर करायचा. पहिल्यांदा सुमारे पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दोन महिने झाल्यावर. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. आतली उष्णता ६० अंशांच्या पुढे जाते आणि तिच्यात तणाचे बी व रोगाचे बरेच जंतू मरतात.

१९३१ साली या प्रयोगांचे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. त्याच्या मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. हे दुसरे नाव ऐकून आपल्यापैकी अनेकांचे कान टवकारले असतील. वाड हे संस्थेतले हॉवर्डचे मुख्य सहकारी. खड्ड्यातल्या रसायनाचा, नत्राचा, ओलाव्याचा हिशेब ठेवणारे ते. ही पद्धत पुढे आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांत आणि आसाम-सिलोनच्या चहाच्या मळ्यांत गेली. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले तेव्हा त्यांनीही हे काम पाहिले आणि 'हरिजन'मधून त्याचा प्रसार केला. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फोर, अमेरिकेत रोडेल यांनी हॉवर्ड वाचून आपापली चळवळ सुरू केली. आज दुकानात 'ऑरगॅनिक' असे लिहिलेली महागडी पाकिटे दिसतात, त्या शब्दामागच्या विचाराची एक मोठी वाट इंदूरमधून जाते. आपण इंदूरच्या मराठी माणसांनी गायक, चित्रकार, क्रिकेटपटू यांचा अभिमान बाळगला, तो योग्यच. पण वाडांचे नाव आपल्या एकाही स्मरणिकेत माझ्या पाहण्यात आलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रोगाबद्दल हॉवर्ड काय म्हणत होता? १९४० सालच्या आपल्या ग्रंथात त्याने ठामपणे मांडले की बुरशी आणि कीड हे रोगाचे खरे कारण नव्हे. चुकीच्या जागी, चुकीच्या तऱ्हेने वाढवलेल्या पिकावरच ते येतात. रोग हा परीक्षक आहे, शेतीत कोठे चुकले हे तो दाखवतो. परीक्षकाला मारून पेपर सुधारत नाही.

हे वाक्य ऐकायला फार गोड आहे आणि म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. मी शिक्षक आहे, मला गोड वाक्यांची भीती वाटते. हॉवर्ड कोठे बरोबर होता आणि कोठे नव्हता, हे पाहण्यासाठी आपल्या माळव्यातल्या तीन पिकांकडे पाहू. रोग शेतात तीन वाटांनी येतो: मातीतून, बियाण्यातून आणि हवेतून. प्रत्येक वाटेवरचा पहारा वेगळा असतो.

पहिली वाट मातीची. हरभऱ्याचा मर रोग सर्वांना माहीत आहे. हिरवेगार झाड अचानक माना टाकते. खोड उभे चिरले तर आत तपकिरी रेघ दिसते. ही फ्युजेरियम बुरशी हरभरा नसलेल्या शेतातही सहा-सहा वर्षे मातीत टिकून राहते. तिच्यावर पिकात फवारणी करून काही साधत नाही, कारण ती मुळात बसलेली असते. येथे हॉवर्ड पुष्कळसा बरोबर आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करून माती मे महिन्याच्या उन्हात तापवणे, हरभऱ्यावर हरभरा न घेणे, मर रोगाला तोंड देणारे वाण निवडणे, पेरणीची घाई न करता जमीन थोडी थंड होऊ देणे आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळणे हे खरे उपाय आहेत. ट्रायकोडर्मा ही सुद्धा एक बुरशीच, पण ती रोगाच्या बुरशीवर जगते. किलोला चार-पाच ग्रॅम पुरते. चांगल्या कुजलेल्या खतात ती सुखाने वाढते, कोरड्या उपाशी मातीत तिचे काही चालत नाही. आपले जुने लोक हरभऱ्यात जवसाच्या ओळी घेत. ते तेलासाठी असेल, पण जवसाच्या सोबतीने मर कमी होते असे प्रयोगांतही दिसले आहे.

मात्र एक इशारा देतो, तो माझ्या स्वतःच्या फजितीतून. चार वर्षांपूर्वी मी उत्साहाने दोन बिघ्यांत कंपोस्ट घालायचे ठरवले. खड्डा उशिरा भरला, एकदाच पालटला आणि ऑक्टोबरात अर्धे कच्चे खत शेतात टाकले. त्या वर्षी तेथे हरभऱ्याची मान कुजली. जमिनीलगत पांढरी बुरशी आणि तिच्यावर मोहरीएवढे दाणे. ही दुसरीच बुरशी, स्क्लेरोशियम. हिला कच्चा काडीकचरा आणि ओल फार आवडते. म्हणजे रोग हटवायला निघालो आणि एका रोगाला जेवायला बोलावले. हॉवर्ड आणि वाड यांनी तीन पालट आणि तीन महिने उगीच सांगितले नव्हते. 'सेंद्रिय' हा शब्द लावला की वस्तू आपोआप निरुपद्रवी होत नाही.

दुसरी वाट बियाण्याची. येथे सोयाबीन घेऊ. पूर्वी माळव्यातली काळी जमीन पावसाळ्यात बहुधा पडीक ठेवत आणि रब्बीत गहू-हरभरा घेत. त्या मोकळ्या पावसाळ्यात सोयाबीन आले आणि घरोघरी पैसा आला, हे विसरून चालणार नाही. पण पाहता पाहता सोयाबीन-गहू, सोयाबीन-गहू असा एकच ताल धरला गेला. १९९४ साली जे.एस. ३३५ हा वाण आला. तो इतका चांगला निघाला की मैलोन् मैल तोच दिसू लागला. शेतकरी घरचेच बी वर्षानुवर्षे वापरू लागले, आणि करपा व मुळकुजेची बुरशी त्या बियाण्याबरोबर घरच्या कोठीतून पुन्हा शेतात जाऊ लागली. यावर उपाय स्वस्त आहे: डाग नसलेले, निवडलेले बी, पेरणीपूर्वी मूठभर बी ओल्या गोणपाटात ठेवून शंभरात किती उगवतात ते पाहणे, बीजप्रक्रिया, आणि पाणी साचू नये म्हणून सरी-वरंब्यावर पेरणी. काळ्या जमिनीत पाणी तुंबले की मुळांचा श्वास कोंडतो आणि मग कोणतीही बुरशी पुरेशी होते. मुळांना हवा मिळावी यावर हॉवर्डने आयुष्यभर भर दिला.

तिसरी वाट हवेची, आणि येथे हॉवर्डचे म्हणणे अपुरे पडते. गव्हाचा काळा तांबेरा घ्या. आग्रा कॉलेजातील प्रा. करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या कष्टाने दाखवून दिले की आपल्या मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा जिवंत राहतच नाही. तो दरवर्षी डोंगरांतून नव्याने येतो. मध्य भारतात येणारा काळा तांबेरा दक्षिणेकडच्या निलगिरी-पळणीच्या टेकड्यांवरून वाऱ्याबरोबर येतो. १९४६-४७ साली त्याने मध्य भारतातला गहू झोपवला. त्या वर्षी कोणाच्या शेतात किती कंपोस्ट होते, याची वाऱ्याला पर्वा नव्हती. तेथे उपयोगी पडले ते रोगप्रतिकारक वाण. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे गव्हाचे केंद्र इंदुरात १९५१ पासून आहे. 'एच.आय.' या अक्षरांनी सुरू होणारे गहू तेथलेच. त्यातला 'आय' इंदूरचा. शेतकऱ्याने एक थेंब औषध न फवारता तांबेरा रोखला गेला, तो या दाण्यांत घातलेल्या बुद्धीने. पर्यावरणाला सर्वांत सुरक्षित असा हा उपाय आहे आणि तो प्रयोगशाळेतून आला आहे. शेणखत आणि प्रयोगशाळा यांचे भांडण लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सोयाबीनवरचा पिवळा मोझॅकही हवेच्याच वाटेने येतो, पांढऱ्या माशीच्या तोंडातून. तो विषाणू आहे. एकदा झाडात शिरला की त्या झाडाला औषध नाही. मग फवारणी कशासाठी? माशीसाठी. पण वाटेल ते औषध वाटेल तेव्हा मारले, की माशीला खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि माशी दुप्पट जोमाने परतते. २०१५ साली पंजाबातल्या कपाशीवर पांढऱ्या माशीने फवारणीवर फवारणी होऊनही कसा हाहाकार उडवला, ते वर्तमानपत्रांत सर्वांनी वाचले आहे. येथे करायचे ते असे: जे.एस. २०-२९, जे.एस. २०-६९ यांसारखे मोझॅकला तोंड देणारे वाण घ्यायचे. शेतात पिवळे चिकट सापळे लावायचे. सुरुवातीची दोन-चार पिवळी झाडे दिसताच उपटून पुरून टाकायची. त्यानंतरही माशी वाढली तरच शिफारस केलेले औषध, शिफारस केलेल्या मात्रेत. औषधाला माझा विरोध नाही. त्याचा नंबर शेवटचा आहे, एवढेच माझे म्हणणे. घरात आपण ताप आला की आधी अंथरूण, पेज, काढा आणि मग डॉक्टर, असे करतो. शेतात मात्र आपण थेट इंजेक्शनाकडे धावतो.

हे सगळे उपाय कृषी विज्ञान केंद्राच्या पत्रकांत छापलेले असतात. मग ते शेतात का दिसत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते शेताच्या बांधावर मिळाले.

काही वर्षांपूर्वीच्या खरिपात आमची बावीसच्या बावीस बिघे पिवळी पडली. मी मोटारीतून उतरलो, पाने पाहिली आणि आमच्या ठेकेदाराला शिक्षकी आवाजात सुनावले: तोच वाण पुन्हा का पेरलास? एप्रिलात नरवाई का जाळलीस? काडी कुजवली असती तर जमिनीला खायला मिळाले असते. फेरपालट का केली नाहीस? तो माझ्यापेक्षा वयाने थोडा लहान, शांत माणूस. सगळे ऐकून घेऊन तो आपल्या माळवीत म्हणाला, "मास्साब, जमीन तमारी है, पण साल तो म्हारो है."

जमीन तुमची, पण वर्ष माझे. मी ठेका दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास नव्याने ठरवत असे. जो जास्त रक्कम देईल त्याला जमीन. त्याच्या हातात बारा महिने होते. कंपोस्टचा खड्डा भरायला मजुरी आज लागते, मातीला गुण येतो तिसऱ्या वर्षी. तिसऱ्या वर्षी जमीन त्याच्याकडे असेल याचा भरवसा काय? फेरपालटीत एक वर्ष कमी पैशाचे पीक येते. तो तोटा त्याने का सोसावा, पुढचा नफा दुसऱ्या कोणी घेण्यासाठी? बाटलीचा मात्र गुण-दोष त्याच हंगामात कळतो. बारा महिन्यांच्या माणसाने बारा महिन्यांचाच उपाय निवडला. यात त्याचे काय चुकले?

आणि मी वर्षावर्षाने ठेका का देत होतो? नुसता लोभ नव्हता, भीतीही होती. आपल्या घरांतून कुळकायद्याच्या आठवणी आहेत. कोणाच्या मामांची, कोणाच्या आत्याची जमीन देशावर कशी गेली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. 'एकाच माणसाला सलग देऊ नकोस, कूळ लागेल,' हे वडिलांनी मला सांगितले आणि मी ते मुकाट पाळले. त्या एका वाक्याने आमच्या जमिनीला वीस वर्षे दरसाल नवा धनी दिला, म्हणजे खरे तर एकही दिला नाही. होळकर दरबाराने हॉवर्डच्या संस्थेला ती ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली होती. त्याने खड्डे खोदले, त्यामागे तो भरवसा होता.

आता आपल्या राज्यात २०१६ चा कायदा आहे. भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्याही हिताचे रक्षण व्हावे म्हणून तो झाला. त्याखाली लेखी करार करता येतो आणि मालकी सुरक्षित राहते. मी वकिलाकडून तो समजून घेतला आणि त्याच माणसाशी अनेक वर्षांचा लेखी करार केला. त्यात तीन कलमे माझ्या आग्रहाने घातली: नरवाई जाळायची नाही, दर तिसऱ्या वर्षी चौथाई जमिनीत सोयाबीनऐवजी तूर किंवा ज्वारी, आणि खड्ड्याची मजुरी निम्मी माझी. एक कलम त्याच्या आग्रहाने आले: ज्या वर्षी फेरपालटीमुळे उत्पन्न कमी येईल, त्या वर्षी ठेक्याची रक्कमही त्या प्रमाणात कमी. मी आधी कुरकुरलो, मग सही केली.

याला तिसरे वर्ष आहे. चमत्कार झालेला नाही. ज्या दोन बिघ्यांत आता नीट कुजलेले खत जाते, तेथे हरभऱ्याची मर डोळ्यांना दिसेल इतकी कमी आहे. पण मी तेथे वाणही बदलला, जवसाच्या ओळीही घातल्या. तिन्हींपैकी कशाचा गुण आला हे मला सांगता येणार नाही. विद्यार्थ्याने असा प्रयोग केला असता तर मी त्याचे गुण कापले असते. फवारण्या मात्र निश्चित कमी झाल्या, हे ठेकेदाराच्या वहीतल्या हिशेबात दिसते. आणि एक बदल कोणत्याही वहीत येणार नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने मला स्वतः फोन केला: "मास्साब, चार झाड पीळा दिख्या था, उखाड़ी दिया." चार झाडे पिवळी दिसली, उपटून टाकली. पूर्वी त्याने ती चार झाडे पाहिली असती तरी मला फोन केला नसता. आणि त्याने केला असता तरी मी तो किती मनाने घेतला असता, देव जाणे.

तेव्हा, रोग पिकाचा आणि दोष कोणाचा? तांबेऱ्याचा दोष वाऱ्याचा, हे मेहतांनी सिद्ध केले. पुष्कळ रोगांचा दोष आपल्या शेती करण्याच्या तऱ्हेत असतो, हे हॉवर्ड आणि वाड यांनी येथेच, आपल्या गावात, दाखवले. त्यात मी भीत भीत एवढेच जोडतो की काही दोष शेतात नसतोच. तो शहरातल्या घरी, कपाटातल्या ठेक्याच्या कागदावर असतो. तो कागद बदलणे आपल्या हातात आहे. त्याला ना बुरशीनाशक लागते, ना अनुदान.

आपण येथे पिढ्यान्पिढ्या राहिलो. भाषा टिकवली, गणेशोत्सव टिकवले, ही सभा टिकवली. ज्या जमिनीच्या आधारावर आपले पूर्वज येथे स्थिर झाले, तिच्याशी मात्र आपण हिशेबापुरते उरलो. घरी गेल्यावर आपल्या बटाईदाराला एक फोन करा. यंदा पिकावर काय आले होते, एवढेच विचारा आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. मला ते ऐकायला फार वर्षे लागली.